ब्युरोविना काम मिळत नाही?

घरी जाऊन आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या बाईला वरूड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटसारख्या गावात खासगी काम मिळणार नाही, त्यासाठी काळजीवाहिका पुरवणाऱ्या नागपूर-पुण्याच्या ब्युरोतच नाव घातलं पाहिजे, असं सर्रास मानलं जातं. या समजाचा आधार एकच: खेड्यात लेकी-सुनाच सगळं करतात. पण 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं 9.9 टक्के होती, म्हणजे जवळपास दर दहांत एक. संत्र्याच्या बागेवर शिकलेली पोरं पुण्या-मुंबईच्या नोकरीत आणि घरी उरले बुढा-बुढी, अशी घरं वरूड पट्ट्यात आहेत. त्यात बुढ्याला लकवा झाला, तर दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. सत्तरीच्या बुढीला ते एकटीनं कसं झेपावं? गरज आहेच, पण बोलवायचं कोणाला, हे त्या घराला माहीत नसतं. आणि हा प्रश्न बहुतेक वेळा दवाखान्यातून सुट्टी मिळते त्याच दिवशी उभा राहतो. म्हणून वरूडचं ग्रामीण रुग्णालय, खासगी डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, मेडिकलवाला आणि गावातली आशाताई यांना आपलं नाव व काम माहीत असणं, हे जाहिरातीच्या फलकापेक्षा कितीतरी उपयोगाचं.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे: स्वतःला ‘सिस्टर’ म्हणवलं की काम लवकर मिळतं. परिचारिका होण्यासाठी एएनएम किंवा जीएनएमसारखं शिक्षण आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. 1966चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम त्यासाठीच आहे. आंघोळ घालणं, भरवणं, धरून चालवणं, डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणं हे काळजीवाहिकेचं काम. सलाईन लावणं, लघवीची नळी घालणं, औषधाचं प्रमाण बदलणं हे तिचं नाही. यावर कोणी म्हणेल, घराला सगळं करणारी एकच बाई हवी असते, नाही म्हटलं तर काम जातं. काही कामं जातात, हे मान्यच करायला हवं. पण एक चुकीचं इंजेक्शन आजाऱ्याच्या जिवावर बेततं, आणि ज्या डॉक्टरांनी नाव सुचवलं ते पुन्हा सुचवत नाहीत. संत्र्याच्या कलमांच्या शेंदूरजनाघाटात गिऱ्हाईक डोळा कोणत्या झाडाचा हे विचारूनच कलम उचलतं. काळजीच्या कामातही कोणी धाडलं, यावरच दार उघडतं.

मजुरी कमी सांगितली की काम टिकतं, हेही खरं नाही. कमी पैशांत कबूल केलेल्या कामाला हळूहळू धुणी-भांडी चिकटतात आणि आजारी माणूस मागं पडतो. त्यापेक्षा बारा तास की चोवीस, रात्रीची झोप किती, सुट्टी कधी, हे पहिल्याच दिवशी कागदावर यावं. ब्युरो कमिशन घेतो, पण बाई आजारी पडली तर बदली देतो. ही त्याची जमेची बाजू नाकारता येत नाही. स्वतंत्र काम करणारीनं त्यासाठी आपल्यासारखीच एक जोडीदारीण ठरवून ठेवावी. अनोळखी बाई घरात कशी घ्यावी, ही भीतीही रास्त आहे. त्या भीतीला उत्तर म्हणजे पोलिसांकडून मिळणारं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणि आधी काम केलेल्या दोन घरांचे, त्यांना विचारून दिलेले, फोन नंबर. त्याशिवाय रोजची एक वही: जेवण किती, लघवी-शौच कधी, गोळी कोणत्या वेळी, कातडी कुठं लाल दिसली. त्या पानाचा फोटो पुण्यातल्या मुलाला रात्री जातो, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टर तीच वही उघडून बघतात.