खर्च नसलेल्या उपचाराची उपेक्षा

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील रुग्णालयीन प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ८८.६ टक्क्यांवर गेले. ही प्रगती निर्विवाद आहे. परंतु घरी परतलेल्या बाळंतिणीच्या एका दुखण्याची विचारपूस सहसा होत नाही. खोकताना, शिंकताना, हसताना, पाण्याचा हंडा उचलताना नकळत लघवी होणे, हे ते दुखणे. 'बाळंतपणानंतर असे व्हायचेच', या समजुतीखाली ते मुकाट्याने सोसले जाते. कित्येकजणी हसणे आवरतात, प्रवास टाळतात.

वस्तुतः कारण साधे आहे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा झोळीसारखा पडदा असतो. मूत्राशय व मूत्रमार्ग यांना त्याचा आधार. गर्भारपणाच्या भाराने व प्रसूतीच्या ताणाने तो सैलावला, की खोकल्यासरशी पोटात वाढणारा दाब मूत्रमार्गास पेलवत नाही. हे स्नायू व्यायामाने बळकट करता येतात, असे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडले. २०१८ च्या कॉक्रेन समीक्षेत या प्रकारच्या तक्रारीतून व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के स्त्रिया बऱ्या झाल्याचे आढळले. न करणाऱ्यांत अवघ्या ६ टक्के.

वायू रोखून धरावा तसे ते स्नायू आत व वर ओढावयाचे, काही सेकंद धरावयाचे, मग पूर्ण सैल सोडावयाचे. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास कोंडू नये, मांड्या आवळू नयेत. लघवी करताना धार अडवून हा सराव करू नये. (हठयोगातील मूलबंधाची आठवण कोणालाही होईल, पण शास्त्राचा अभिमान बाळगणाऱ्या आपण तो बाळंतिणीपर्यंत कितपत पोहोचविला?) मेख एवढीच, की अनेकींचा जोर वर ओढण्याऐवजी खाली पडतो. म्हणून जाणकाराने प्रथम तपासून शिकविणे अगत्याचे. अचानक अनावर घाई होणे, जळजळ वा रक्त जाणे, ही लक्षणे मात्र निराळी; त्यांसाठी डॉक्टरच गाठावा.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने यात का पडावे? कारण प्रश्न बाजाराचाही आहे. पॅडला विक्रेता आहे, शस्त्रक्रियेला शुल्क आहे. ज्या उपचारात विकण्याजोगे काहीच नाही, त्याची जाहिरात कोण करणार? तो भार सार्वजनिक यंत्रणेनेच उचलावयाचा. नवी इमारत नको, नवे यंत्र नको. रुग्णालयात असतानाच परिचारिकेने दहा मिनिटे द्यावीत. पुढे सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात आई बाळाला लसीसाठी घेऊन येतेच. बाळाच्या वजनाबरोबर तिलाही दोन प्रश्न विचारले, व्यायाम बरोबर होतो की नाही हे पाहिले, तर तीन महिन्यांची देखरेख जवळजवळ विनामूल्य पदरात पडते.