नासपतीचं झाड आणि मूळ पाप

पोप लिओ चौदावे यांनी निवड होताच ८ मे २०२५ रोजी सेंट पीटर्सच्या सज्जातून आपण संत ऑगस्टीनचे पुत्र असल्याचं सांगितलं. ‘पहिला अमेरिकी पोप’ या मथळ्याखाली ते वाक्य झाकलं गेलं. ज्या ऑगस्टिनियन संघाचे ते २००१ ते २०१३ प्रमुख होते, त्याच्या चर्चचा पडका मनोरा जुन्या गोव्यात आजही उभा आहे. हा संघ ज्याच्या नावाचा, त्यानेच मूळ पापाच्या सिद्धान्ताला पक्कं रूप दिलं. आदाम-हव्वेनं मना केलेल्या झाडाचं फळ खाल्लं आणि तो दोष सगळ्या मानवजातीत उतरला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र ऑगस्टीन दुसऱ्याच एका झाडापाशी भेटतो.

गाव थागास्ते, आजच्या अल्जीरियातलं. काळ इ. स. ३७०च्या आसपासचा. सोळा वर्षांचा ऑगस्टीन आणि त्याचं टोळकं रात्री उशिरा कुणाच्या तरी नासपतीचं झाड झोडपून ओझ्यानं फळं पळवतात. फळं दिसायलाही चांगली नाहीत आणि चवीलाही. थोडी चाखून बाकीची डुकरांपुढे टाकतात. पुढे बिशप झाल्यावर ‘कन्फेशन्स’मध्ये तो या किरकोळ चोरीचा कीस काढत बसतो. भूक नव्हती, याहून चांगली फळं जवळ होती. मग का? एकटा असतो तर केलं नसतं, हे त्याला कळतं, पण तेवढ्यावर त्याचं समाधान होत नाही. आत कितीही खणलं तरी तळ लागत नाही.

त्याच ग्रंथाच्या आठव्या भागात तो विचारतो: मन हाताला हुकूम देतं, हात हलतो, मन मनालाच हुकूम देतं, तेव्हा का अडतं? इथे मूळ पाप म्हणजे निव्वळ वारशानं आलेला कलंक उरत नाही. माणसाला स्वतःची जाणीव असते, स्वतःवर हुकमत नसते, असं ते निदान आहे. मनाचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही ते टाळता येऊ नये.

१९८३ साली मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा प्रसिद्ध निबंध आला. मनात येईल तेव्हा मनगट हलवा, असं सांगितलेल्या माणसांत मेंदूची तयारी इच्छेच्या जाणिवेआधी सुमारे एक तृतीयांश सेकंद सुरू झालेली दिसली. स्वतंत्र इच्छा संपली, असा गाजावाजा झाला. २०१२मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ती ‘तयारी’ मेंदूतल्या आपोआप होणाऱ्या चढउतारांतूनही दिसू शकते. मला तर तो प्रयोगच तोकडा वाटतो. मनगट कधी हलवलं याने कुणाचंच काही बिघडत नाही. चोरीत चूक कळत होती, फळंही नको होती, तरी हात पुढे गेला. ऑगस्टीनचा प्रश्न मिलिसेकंदांत मावत नाही.

त्याचं उत्तर मात्र मला मान्य नाही. बाप्तिस्म्याविना मेलेलं तान्हं बाळही दोषी, कितीही सौम्य असली तरी शिक्षेला पात्र, इथवर तो गेला. एक्लानमचा बिशप जूलियन त्याच्याशी वर्षानुवर्षं भांडला: न्यायी देव न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा पोराला कशी देईल? ४३०मध्ये ऑगस्टीन वारला, तेव्हा जूलियनला द्यायचं उत्तर अर्धवटच होतं. अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ आधार आहे, असं व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने म्हटलं ते २००७ साली. इतका उशीर व्हायला नको होता.