पेढीवरून अर्थखात्यात : टी. टी. कृष्णमाचारी यांची कारकीर्द

जो मनुष्य आपला धंदा उत्तम चालवितो तो राज्यकारभारही तितक्याच कुशलतेने चालवील, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. तिच्या जोडीलाच दुसरी एक धास्तीही असते. व्यापारी मंत्री झाला म्हणजे तो राज्यालाही आपल्या पेढीसारखेच वागवील, असे लोकांना वाटते. या दोहोंत तथ्य किती, हे पाहण्यासाठी स्वतंत्र भारताच्या इतिहासात टी. टी. कृष्णमाचारी यांच्या चरित्राइतके बोधप्रद दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. दोनदा ते अर्थमंत्री झाले आणि दोन्ही वेळा त्यांना राजीनामा देऊन जावे लागले. तरीही त्यांनी उभारलेल्या किंवा वाढविलेल्या संस्थांचा स्पर्श आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांना कोठे ना कोठे झालेला आहे.

मद्रासची पेढी

कृष्णमाचारी यांचा जन्म १८९९ साली झाला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिक्षण झाल्यावर ते व्यापारात शिरले आणि १९२८ साली त्यांनी मद्रासमध्ये स्वतःच्या नावाची पेढी काढली. मोठमोठ्या कंपन्यांचा साबण व तत्सम नित्योपयोगी माल गावोगावच्या दुकानांपर्यंत पोहोचविणे हा तिचा मुख्य उद्योग होता. हे काम वरवर साधे दिसते. परंतु कोणत्या गावी कोणता माल खपतो, कोणत्या दुकानदाराला किती उधारी द्यावी आणि ती केव्हा वसूल करावी, याचे अचूक भान असल्याशिवाय ते साधत नाही. हीच पेढी पुढे विस्तारत गेली आणि ‘प्रेस्टिज’ कुकरच्या रूपाने या उद्योगसमूहाचे नाव भारतातील असंख्य स्वयंपाकघरांत जाऊन पोहोचले.

धंद्यात जम बसलेला असतानाच त्यांचे लक्ष सार्वजनिक कार्याकडे वळले. प्रारंभी ते अपक्ष म्हणून मद्रासच्या विधानसभेवर निवडून आले. काँग्रेसमध्ये ते नंतर आले. घटना परिषदेत ते होतेच, शिवाय मसुदा समितीवरही त्यांची निवड झाली. महाराष्ट्रीय वाचकांना त्यांची एक गोष्ट विशेष स्मरणीय वाटेल. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना परिषदेत बोलताना त्यांनी मसुदा समितीची खरी हकीकत सांगितली. कोणी राजीनामा दिला, कोणी निधन पावले, कोणी परदेशी गेले, कोणी अन्य कामांत गुंतले. आणि म्हणून मसुद्याचा सारा भार अखेर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या एकट्याच्या शिरावर पडला, अशी कृतज्ञ कबुली त्यांनी भर सभेत दिली. ज्याचे श्रम त्याच्याच खाती जमा करावेत, हा सचोटीच्या व्यापाऱ्याचा नियम त्यांनी येथेही पाळला.

व्यापार, उद्योग आणि पोलाद

१९५२ साली पंडित नेहरूंनी त्यांना व्यापार व उद्योग खात्याचे मंत्री केले. व्यापाऱ्याच्या हाती हे खाते गेल्यामुळे बड्या गिरणीमालकांचे फावेल, असा कोणाचा तर्क असल्यास तो सर्वस्वी खरा ठरला नाही. १९५३ च्या कायद्यान्वये गिरणीच्या कापडावर जादा कर बसविण्यात आला व त्याचे उत्पन्न खादी आणि हातमागाच्या उत्कर्षासाठी राखून ठेवण्यात आले. लहान उद्योगांना यंत्रे आणि सरकारी मागणी मिळवून देण्यासाठी १९५५ साली राष्ट्रीय लघुउद्योग निगम स्थापन झाला. त्याच सुमारास पोलाद खातेही त्यांच्याकडे आले. भिलाई, रूरकेला आणि दुर्गापूर येथील तीन पोलाद कारखान्यांची आखणी व उभारणी त्या काळात चालू होती. यांपैकी एकाला रशियाचे, दुसऱ्याला जर्मनीचे आणि तिसऱ्याला ब्रिटनचे साहाय्य लाभले होते. तिघांशी तीन तऱ्हेचे करारमदार करावयाचे, हे काम सौद्याची वाटाघाट जाणणाऱ्यालाच जमण्यासारखे होते.

मुंबईच्या प्रश्नावरून चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ च्या जुलैमध्ये राजीनामा दिला आणि त्यानंतर अर्थखाते कृष्णमाचारी यांच्याकडे आले. दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली होती, परकीय चलनाची चणचण भासू लागली होती आणि पैसा उभा करणे अपरिहार्य होते. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी भारताच्या करपद्धतीविषयी केलेल्या सूचनांचा आधार घेऊन त्यांनी १९५७ च्या अंदाजपत्रकात संपत्तीवर आणि खर्चावर कर सुचविले. स्वतः व्यापारी असलेल्या मंत्र्यानेच धनिकांच्या तिजोरीला हात घातला, हे पाहून व्यापारी वर्ग चकित झाला. खर्चावरील कर फार काळ टिकला नाही. संपत्तीकर मात्र २०१५ पर्यंत चालू राहिला. त्यांच्याच कारकीर्दीत १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणे-पैशांत पाढे म्हणणाऱ्या कित्येक घरांना तेव्हा हिशेब नव्याने शिकावा लागला.

विमेदारांचा पैसा

येथवरची कथा यशाची आहे. यापुढे जे घडले त्याचे मूळ खाजगी पैसा आणि लोकांचा पैसा यांमधील भेदात आहे.

१९५६ साली २४५ विमा कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था यांचा व्यवसाय एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. कारकून, शिक्षक, लहान दुकानदार अशा सामान्य माणसांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेल्या हप्त्यांचा हा निधी होता. जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. मुंदडा त्या वेळी आर्थिक अडचणीत होते. महामंडळाच्या गुंतवणूक समितीचा सल्लाही या खरेदीपूर्वी घेण्यात आला नव्हता. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये फिरोज गांधी यांनी हे प्रकरण लोकसभेत मांडले. ते स्वतः काँग्रेस पक्षाचे सभासद आणि पंतप्रधानांचे जामात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या निर्भयतेचे मोल कळते.

चौकशीचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महमदअली करीम छगला यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांनी चौकशी उघडपणे चालविली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये, म्हणजे काही आठवड्यांतच, अहवाल सादर केला. खरेदीला आपली संमती नव्हती, असे मंत्र्यांचे म्हणणे होते. संमती होती, असे त्यांच्या सचिवांचे म्हणणे होते. छगला यांनी निर्वाळा दिला तो असा, की मंत्र्याला आपल्या सचिवाच्या कृत्याची जबाबदारी झटकता येत नाही. घटनेच्या दृष्टीने ती त्याचीच असते. कृष्णमाचारी यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. पुढील अंदाजपत्रक अवघ्या काही दिवसांवर आले होते. ते पंडित नेहरूंना स्वतः मांडावे लागले.

या व्यवहारात कृष्णमाचारी यांनी स्वतःसाठी एक पैही घेतल्याचे कोणी सिद्ध केले नाही. मग त्यांना जावे का लागले? पेढीवरच्या गुमास्त्याने चुकीचा माल उचलला तर मालक तोटा सोसतो, गुमास्त्याला काढून टाकतो आणि प्रकरण मिटते. तोटा त्याचा, म्हणून क्षमा करण्याचा अधिकारही त्याचाच. मंत्र्याच्या हातचा पैसा मात्र लक्षावधी अपरिचितांचा असतो. त्या तोट्याची क्षमा तो त्यांच्या वतीने परस्पर करू शकत नाही. एखाद्या मास्तरांच्या पश्चात त्यांच्या पत्नीला विम्याची रक्कम वेळेवर मिळणे हे शेवटी या एका नियमावर अवलंबून असते.

पुनरागमन आणि दुसरा राजीनामा

१९६२ साली नेहरूंनी त्यांना पुन्हा मंत्रिमंडळात घेतले. चीनच्या आक्रमणानंतर आर्थिक व संरक्षणविषयक समन्वयाचे काम त्यांच्याकडे आले आणि १९६३ साली ते दुसऱ्यांदा अर्थमंत्री झाले. अल्प बचत करणाऱ्यांनाही उद्योगधंद्यांच्या नफ्यात वाटा मिळावा या हेतूने स्थापन झालेल्या युनिट ट्रस्टने १ जुलै १९६४ पासून दहा रुपयांची युनिटे विकावयास काढली. त्याच वर्षी औद्योगिक विकास बँकही सुरू झाली. विमेदारांच्या पैशाच्या प्रकरणात पदच्युत झालेल्या मंत्र्याच्याच हातून सामान्यांच्या बचतीसाठी ही नवी सोय व्हावी, यात एक प्रकारचे परिमार्जनच होते.

परंतु जुनी पेढी त्यांना सुटली नाही. पेढीचा कारभार आता मुले पाहत होती. त्यांच्या व्यवसायांसंबंधी लोकसभेत आरोप झाले. त्यांची छाननी सरन्यायाधीशांकडून व्हावी, असा पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचा विचार होता. तो मान्य न झाल्याने कृष्णमाचारी यांनी १९६५ च्या अखेरीस पद सोडले. १९७४ साली त्यांचे निधन झाले. चेन्नईतील एका प्रशस्त मार्गाला आणि म्युझिक अकादमीच्या सभागृहाला त्यांचे नाव आहे.

धंद्यातून सत्तेत येणाऱ्या माणसाकडून राष्ट्राला पुष्कळ मिळू शकते, हे या चरित्रावरून स्पष्ट होते. मालाची पारख, झटपट निर्णय आणि आकड्यांची जाण हे गुण पेढीवर शिकता येतात. पण दुसऱ्याच्या पैशाचा विश्वस्त होणे पेढीवर शिकता येत नाही. त्यासाठी प्रश्न विचारणारी लोकसभा, निर्भीड न्यायाधीश आणि जागरूक नागरिक लागतात. पतपेढीचा चिटणीस असो, शाळेच्या निधीचा खजिनदार असो वा देशाचा अर्थमंत्री असो, ज्याच्या हाती लोकांची पुंजी आहे त्याला हिशेब विचारणे हा अविश्वास नव्हे. तो आपला हक्क आहे, आणि प्रामाणिक माणसाला त्याचा आधारच वाटतो.