वसतिगृहातली सहेरी

मागच्या अंकात वसतिगृहाच्या खर्चाचा तक्ता दिला होता. त्यात ‘खजूर’ अशी एक नोंद होती. ती वाचून आपल्या कोल्हापुरातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी रविवारच्या उपासनेनंतर मला बाजूला घेतले. “काय हो खजिनदार, आपल्या देणगीतनं रोजे कधीपासनं चालू झाले?” विचारण्यात राग नव्हता, काळजी होती. त्यांना चर्चच्या पायरीवर घाईत सांगितले, ते इथे नीट लिहितो.

सातपुड्याच्या पायथ्याशी आपण मदत करतो त्या वसतिगृहात बहुतेक मुली पावरा, मावची, भिल्ल घरांतल्या आहेत. काही ख्रिस्ती, काही नाहीत. दोघी तडवी आहेत. तडवी भिल्ल हे मुस्लिम आदिवासी. जळगाव जिल्ह्यात यावल, रावेर, चोपडा भागात त्यांची वस्ती आहे. आपल्याकडे ‘मुस्लिम आदिवासी’ म्हटले की लोक चमकतात, मीही चमकलो होतो. या दोघींच्या घरी ईद होते आणि होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारालाही सगळे घर जाते.

यंदा, २०२५ मध्ये, पहिला रोजा २ मार्चला आला आणि राखेचा बुधवार ५ मार्चला. मुस्लिम वर्ष आपल्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी मागे सरकतो. यंदा तो आपल्या उपवासकाळाला येऊन मिळाला. स्वयंपाकीणबाई पहाटे साडेचारला उठून दोघींना भाकरी-भाजी देत. संध्याकाळी तीन-तीन खजूर. दोघींना उठवताना अख्खी खोली जागी होते, ही बाईंची तक्रार मात्र खरी आहे.

“मग आपल्या संध्याकाळच्या प्रार्थनेचं काय?” हा त्यांचा पुढचा प्रश्न. वसतिगृह अनुदानित शाळेच्या आवारात आहे. संविधानाचे २८ वे कलम सांगते की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत, तिला जोडलेल्या जागेतसुद्धा, कोणालाही उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. म्हणून प्रवेशाच्या वेळी आम्ही पालकांची सही घेतो. दोघींपैकी एकीच्या आईने संमती दिली, दुसरीच्या आईने दिली नाही. ती मुलगी त्या वेळी अभ्यासाच्या खोलीत बसते. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द उद्देशिकेत १९७६ मध्ये आला आणि त्यावर अजून वाद चालतो. हे कलम मात्र १९५० पासून आहे. धर्मनिरपेक्ष म्हणजे संस्थेत सणच नकोत, असे आपल्या मंडळीतही काही जण समजतात. मला ते पटत नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग काढले, ते काही मुलांना घरचे सण विसरायला लावण्यासाठी नव्हे.

आता जे पायरीवर सांगायचे राहिले ते. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे: हिंदू, शीख किंवा बौद्ध. अनुसूचित जमातींना तशी अट नाही. त्यामुळे आपल्या मावची ख्रिस्ती मुलीचा दाखला आणि तडवी मुलीचा दाखला एकाच यादीवर उभा आहे. धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून वगळा, अशी ‘डीलिस्टिंग’ची मागणी अधूनमधून जोर धरते. ती मान्य झाली तर दोघींची शिष्यवृत्ती एकदमच जाईल. तीन खजुरांचा हिशेब मागताना आपण हे ध्यानात घ्यावे, एवढी माझी विनंती आहे.

३१ मार्चला ईद झाली. दोघी घरून परतल्या त्या शिरखुर्म्याचा मोठा डबा घेऊन. इकडे सहा ख्रिस्ती मुलींनी ईस्टरपर्यंत गोड सोडलेले. बाईंनी मला फोन करून विचारले, “दादा, आता काय करू?” मी म्हटले, मुलींनाच ठरवू द्या. चौघींनी वाटी घेतली. दोघींनी आपला वाटा स्वयंपाकीणबाईंच्या नातवाला दिला.