परिचारिकांची पदे व पाळ्यांचा हिशेब

रुग्णालयाची क्षमता सामान्यतः खाटांवरून मोजली जाते. परंतु रात्री दोन वाजता सलाइन बदलण्यास परिचारिका नसेल, तर त्या खाटेचा उपयोग काय? म्हणून देणगीदार व हितचिंतकांपुढे आम्ही एक साधा हिशेब ठेवू इच्छितो.

कक्षात चोवीस तास एक परिचारिका हजर राहावयाची, तर आठवड्यात आठ-आठ तासांच्या 21 पाळ्या भरतात. साप्ताहिक सुटी वजा जाता एकीच्या वाट्यास 6 पाळ्या येतात. म्हणजे साडेतीन परिचारिका हव्यात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांतील 30 टक्के रजा-राखीव मिळविल्यास हा आकडा साडेचारांवर जातो. काटकसरीत प्रथम कात्री लागते ती या राखीव पदांनाच, कारण कागदावर ती जादा भासतात. (खाटेवर देणगीदारांचे नाव लावता येते, राखीव पदावर नाही!) मग एखादी भगिनी प्रसूतिरजेवर गेली, की उरलेल्यांच्या माथी दुहेरी पाळी येते, 2017 पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा 26 आठवड्यांची आहे.

वेतनाचा प्रश्न वेगळाच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधील निर्देशानुसार नेमलेल्या समितीने 50 हून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही दरमहा किमान 20,000 रुपये वेतनाची शिफारस केली. सेवाभाव हा वेतनाचा भाग म्हणून धरला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.