धोक्याचे मूल्यमापन : तारापूरच्या कारखान्यांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

रासायनिक कारखान्यातील धोक्याचे मूल्यमापन तीन प्रश्नांभोवती फिरते : काय बिघडू शकते, ते बिघडण्याची शक्यता किती आणि बिघडलेच तर त्याची झळ कोठपर्यंत पोहोचेल. पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधांचा कच्चा माल, रंगद्रव्ये आणि कापड-प्रक्रियेचे कारखाने खेटून उभे आहेत. या प्रश्नांची उत्तरे तेथे बहुधा बाहेरचे सल्लागार फी घेऊन देतात. ही बाजारपेठ उभी राहिली ती मुख्यतः कायद्यामुळे. भोपाळच्या डिसेंबर १९८४ मधील दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याखाली १९८९ साली घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांविषयीचे नियम झाले, १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा सक्तीचा झाला आणि २००६ च्या अधिसूचनेने पर्यावरण मंजुरीच्या अहवालात जोखीम अभ्यासाला जागा दिली. मागणी आली ती अशी, कागदाच्या वाटेने. या सेवेविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळही तिथेच सापडते.

अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला मिळाला म्हणजे धोक्याची तपासणी झाली, ही समजूत सर्वांत पक्की. दाखला पाहतो ती आग लागल्यानंतरची तयारी : पाण्याची टाकी, हायड्रंट, बाहेर पडायचे जिने. आग किंवा स्फोट मुळात का व्हावा, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. त्यातून दाखले देणारी दारेही वेगवेगळी. बाष्पकांचे खाते निराळे, पेट्रोलियम व स्फोटकांचे परवाने देणाऱ्या संस्थेचे मुख्यालय नागपुरात, कामगारांच्या सुरक्षिततेचा कारभार राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. प्रत्येक जण आपापला तुकडा पाहतो. हे तुकडे जोडून संपूर्ण प्रक्रियेकडे पाहणे हे मूल्यमापनाचे काम.

दुसरा समज असा की धोका मोठ्या कारखान्यांत, छोट्या प्लॉटमध्ये कसला? नियमांची रचना या समजुतीला नकळत खतपाणी घालते. १९८९ च्या नियमांना जोडलेल्या तक्त्यात प्रत्येक घातक रसायनासाठी साठ्याच्या दोन मर्यादा आहेत. क्लोरिनचा साठा १० टनांवर गेला की कारखान्याला आपत्कालीन आराखडा करावा लागतो, २५ टनांवर गेला की सविस्तर सुरक्षा अहवाल द्यावा लागतो. अमोनियासाठी हेच आकडे ६० आणि ६०० टन आहेत. आठ टन क्लोरिन ठेवणारा या तक्त्यातून सुटतो, पण म्हणून त्याचे आठ टन निरुपद्रवी ठरत नाहीत. शिवाय तक्ता मोजतो तो साठा. रिॲक्टरमध्ये चाललेल्या अभिक्रियेतून किती वेगाने उष्णता बाहेर पडेल, ते तो मोजत नाही. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवडे येथील एका कारखान्यात झालेल्या स्फोटात ८ जणांचा जीव गेला. ८ मार्च २०१८ च्या रात्री वसाहतीतच लागलेल्या आगीत आणि पाठोपाठच्या स्फोटांत ३ जण, तर २६ ऑक्टोबर २०२२ च्या स्फोटात आणखी ३ जण दगावले. यांपैकी कोणताही कारखाना तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या आकाराचा नव्हता.

‘अपघात म्हणजे कामगाराची चूक’ हे वाक्य नाक्यावर ऐकू येते तसे चौकशीच्या टिपणातही. हॅझॉप ही पद्धत या वाक्याची चांगली परीक्षा घेते. ब्रिटनमधील आयसीआय कंपनीत १९६० च्या दशकात ती घडली. प्रक्रिया जाणणारी चार-सहा माणसे आराखडा समोर पसरून प्रत्येक नळी आणि प्रत्येक भांड्याला ठरावीक शब्द लावून पाहतात : नाही, कमी, जास्त, उलट. नायट्रेशनचा रिॲक्टर घ्या. जॅकेटमधून थंड ब्राइन फिरते आहे, वरून आम्लाचे मिश्रण संथ धारेने पडते आहे आणि आतली ढवळणी ते लगेच मिसळून टाकते आहे. आता ढवळणीला ‘नाही’ हा शब्द लावायचा. ढवळणी थांबली तर आम्ल न मिसळता साचत राहते. अभिक्रिया मंदावते, तापमान उलट उतरल्यासारखे दिसते आणि पॅनेलवरच्या माणसाला सारे ठीक वाटते. मग ढवळणी बंद पडल्याचे कोणाच्या तरी लक्षात येते आणि तो सहजबुद्धीने बटण दाबून ती पुन्हा सुरू करतो. साचलेले सगळे आम्ल एकदम मिसळते. तेवढी उष्णता ओढून नेणे ब्राइनच्या आवाक्याबाहेरचे असते.

इथे चूक बटण दाबणाऱ्याची म्हणायची, की ती शक्य ठेवणाऱ्या रचनेची? हॅझॉपच्या तक्त्यात या ओळीपुढे उपाय लिहिला जातो : ढवळणी थांबताच आम्लाचा व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हावा. मोटर फिरते आहे पण दांडा तुटला आहे, असेही होऊ शकते, म्हणून मोटरच्या अँपिअरवर नजर हवी. आणि परिस्थिती हाताबाहेर गेलीच तर सगळा माल खालच्या पाण्याच्या टाकीत सोडता यावा. चांगला अहवाल ओळखायचा असेल तर त्यात अशा ओळी शोधाव्यात. ‘कामगारांना योग्य प्रशिक्षण द्यावे’ एवढेच पानोपानी लिहिणारा अहवाल दुसऱ्या कोणत्याही कारखान्याच्या नावावर खपतो, आणि कधीकधी खपवलाही जातो.

एकदा अहवाल झाला की पाच-दहा वर्षे बघायला नको, असे मानणाऱ्यांनी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो आठवावे. तेथे एक रिॲक्टर दुरुस्तीसाठी काढून त्याच्या जागी तात्पुरता पाइप बसवला होता. १ जून १९७४ रोजी तो फुटला आणि २८ जण मेले. त्या पाइपाचा कागदावर अभ्यासच झाला नव्हता. तारापूरच्या कारखान्यांना ही गोष्ट अधिक लागू पडते, कारण जॉबवर्क करणाऱ्या युनिटमध्ये ऑर्डरप्रमाणे उत्पादन बदलते. रिॲक्टर तोच, पण आतली अभिक्रिया नवी. सुरक्षा अहवाल लागू असलेल्या कारखान्यांना नियमानेच दरवर्षी नवे लेखापरीक्षण करावे लागते. मात्र दोन परीक्षणांच्या मधे झालेला बदल नोंदवून तपासण्याची शिस्त कारखान्यालाच पाळावी लागते. कोणताही सल्लागार ती बाहेरून आणून देऊ शकत नाही.

आकड्यांचा गैरसमज जरा सूक्ष्म आहे. ‘१०,००० वर्षांतून एकदा’ हे वाचून मालक निश्चिंत होतो. तो आकडा एका उपकरणासाठी, एका वर्षाचा असतो. उदाहरणादाखल, अशी १,००० उपकरणे एका वसाहतीत असतील तर सरासरीने दर दहा वर्षांनी एक घटना येते. धोक्याची हद्द दाखवायला नकाशावर काढलेल्या वर्तुळांचेही तसेच. वायू वर्तुळात पसरत नाही, वाऱ्याच्या दिशेने लांबोळका जातो. दिवसा समुद्राकडून येणारा वारा वसाहतीतला वायू पूर्वेला बोईसरकडे नेऊ शकतो, तर रात्रीचा वारा किनाऱ्याच्या गावांकडे. रात्रीची हवा स्थिर असल्याने वायू विरळ व्हायलाही उशीर लागतो. दूरच्या वेधशाळेचे वाऱ्याचे आकडे उचलून काढलेला नकाशा दिसतो सुबक, कामाचा तेवढाच कमी. आणि वायू दूरवर पोहोचलाच पाहिजे असेही नाही : २१ ऑगस्ट २०२५ रोजी एका औषध कारखान्यातील वायुगळतीत आतल्याच ४ कामगारांचा मृत्यू झाला.

पालघरबाहेरच्या माणसाला तारापूर म्हटले की अणुऊर्जा केंद्र आठवते आणि खरा धोका तिथलाच असे वाटते. त्या केंद्राचे पहिले दोन संच १९६९ पासूनचे. त्याच्यावर १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. कामगार सुरक्षेच्या तरतुदीही तेथे हेच मंडळ राबवते. केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरच्या आपत्कालीन नियोजन क्षेत्रात ही औद्योगिक वसाहतही येते. पण वर नोंदवलेले मृत्यू कुंपणापलीकडच्या साध्या रसायनांचे आहेत, आणि त्या कारखान्यांवर इतकी एकाग्र नजर ठेवणारी एकच एक यंत्रणा नाही.

‘अहवालाचे पैसे मालक देतो, म्हणजे तो मालकाच्या सोयीचाच’ हा आरोप निव्वळ गैरसमज म्हणून उडवून लावता येत नाही. नियम म्हणतात की लेखापरीक्षक त्या उद्योगाशी संबंधित नसलेला तज्ज्ञ असावा. पर्यावरण अहवाल करणाऱ्या सल्लागार संस्थांना मान्यताही घ्यावी लागते. तरीही निवड आणि फी मालकाच्याच हाती राहते, आणि दरपत्रके मागवली की सर्वांत स्वस्त सल्लागार जिंकतो. भूसुरुंग काढण्याच्या क्षेत्रात हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला जातो. तेथेही आधी सर्वेक्षण करून धोका कोठे आहे आणि कोठे नाही ते ठरवावे लागते. पण पैसा बहुधा देणगीदार देशांकडून किंवा सरकारकडून येतो, आणि आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे साफ केलेल्या जमिनीची तपासणी काम करणाऱ्या संस्थेपासून स्वतंत्र असलेली यंत्रणा करते. कारखान्यांच्या बाबतीत असा तिसरा डोळा म्हणजे सरकारी निरीक्षक, आणि त्याच्या टेबलावर अहवालांचा ढीग असतो.

हा अहवाल कारखान्याचा खासगी कागद असल्याचा समज वसाहतीलगतच्या गावांत सर्रास आहे. कारखान्याची गुपिते खासगी राहू शकतात, धोका नाही. मोठ्या अपघाताची शक्यता असलेल्या कारखान्याने कुंपणाबाहेरच्या रहिवाशांना धोक्याचे स्वरूप आणि अपघात झाल्यास काय करावे, काय करू नये हे कळवले पाहिजे, असे १९८९ चेच नियम सांगतात. आपत्कालीन आराखड्याची कारखान्यातली रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी आणि कुंपणाबाहेरच्या आराखड्याची वर्षातून एकदा व्हायला हवी. १९९६ च्या नियमांनुसार जिल्हा व स्थानिक पातळीवर आपत्ती गट असतात. स्थानिक गटाने दरमहा बैठक घ्यायची असते आणि रासायनिक अपघातांच्या तयारीबद्दल नागरिकाने माहिती मागितली तर ती द्यायची असते. सालवड, पास्थळ किंवा कुंभवलीच्या रहिवाशाला ही माहिती मागण्यासाठी कोणत्याही मालकाची परवानगी लागत नाही.