अनियमित ब्रेकदोषाचे निदान : जुन्या कॅम्पर गाडीच्या संदर्भात

नित्य असणारा दोष परीक्षकाच्या हाती सहज सापडतो. अधूनमधून उद्भवणारा दोष मात्र परीक्षेच्या वेळीच नेमका अनुपस्थित असतो. मग गाडीखेरीज एकच साधन उरते, ते म्हणजे चालकाचे निवेदन. या निवेदनातील शब्द किती काटेकोरपणे तपासावे लागतात, हे जुन्या कॅम्पर गाड्यांच्या ब्रेकव्यवस्थेवरून चांगले ध्यानात येते.

जर्मनीतील फोक्सवॅगन कारखान्यातून ‘टाइप टू’ ही पेटीच्या आकाराची गाडी १९५० साली बाहेर पडली. पुढील वर्षी वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात निजण्याची व स्वयंपाकाची सोय करून देण्यास आरंभ केला. युरोपात हौशी लोकांनी जपलेल्या अशा गाड्या आजही प्रवासास निघतात. आरंभीच्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकना द्रवदाब पोचविणारे मंडल एकच असे. कोठेही एक गळती झाली की पायाचा ब्रेक सर्वस्वी जाई व मागील चाकांवरील हातब्रेक तेवढा हाती उरे. दोन स्वतंत्र मंडलांची योजना १९६७ च्या सुमारास आली, आणि पुढील चाकांना डिस्क १९७० साली मिळाल्या.

आता असे समजू की, आल्प्समधील २७५७ मीटर उंचीच्या श्टेल्व्हियो घाटातून एक भरलेली गाडी उतरते आहे. प्राडच्या बाजूस या घाटाला ४८ वळणे आहेत. खाली पोचल्यावर चालक सांगतो, “ब्रेक लागला नाही.” वाक्य निःसंदिग्ध दिसते, वस्तुतः ते तसे नाही. पेडल पायाखाली पोकळ लागून थेट तळाशी गेले, की पेडल टणक राहिले पण गाडी थांबेना? पहिल्या प्रकारात द्रवाला वाफ धरलेली असते. दुसऱ्यात दाब चाकापर्यंत पोचतो, परंतु अतितप्त लायनरचे घर्षण कमी झालेले असते. दोन्ही दोष गाडी निवाल्यावर नाहीसे होतात, आणि सकाळी गॅरेजमध्ये ब्रेक उत्तम लागतो.

वाफेचा प्रकार अधिक घातक होय, कारण तो पूर्वसूचना फारशी देत नाही. ब्रेकचा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो. ‘डॉट ३’ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १४० अंशांची मानली जाते. द्रव दर दोन वर्षांनी बदलावा, असे सांगतात ते यामुळेच. वर्षातील दहा महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचा मालक मात्र किलोमीटर मोजतो, आणि ओलावा तर उभ्या गाडीतही मुरतच असतो.

येथे एका शब्दाचा उल्लेख अस्थानी ठरू नये. आपल्याकडील गॅरेजांत या द्रवाला सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. जर्मन शब्द ‘ब्रेम्सफ्ल्युसिगकाइट’ केवळ द्रव एवढेच सांगतो. या गाड्यांतील द्रव खनिज तेल नव्हे. नावावर विसंबून कोणी त्यात इंजिनचे तेल ओतले, तर रबरी वॉशर फुगून सारी व्यवस्था निकामी होते.

‘पेडल खाली जाते’ या तक्रारीतही असाच भेद करावा लागतो. दुसऱ्या दाबाला पेडल वर येऊन टणक होत असेल, तर बहुधा मागील ड्रममधील लायनरचे अंतर वाढलेले असते व ते जुळवून घेतले म्हणजे भागते. थंड गाडीतही पेडल स्पंजासारखे लागले, तर नळीत हवा आहे. परंतु सिग्नलपाशी पाय हलकेच ठेवला असता पेडल सावकाश खाली सरकत असेल आणि बाहेर कोठेही गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील झिजलेल्या रबराकडे पाहावे. मेकॅनिक तपासताना पेडल जोराने दाबतो. त्या दाबाने रबराची कड भिंतीला घट्ट बसते व दोष लपतो. चालक आणि मेकॅनिक दोघेही खरे बोलतात, पण त्यांचे पाय वेगळे असतात. परीक्षा हलक्या पायानेच घ्यावयास हवी.

याच्या उलट तक्रार म्हणजे ब्रेक धरून बसणे. गाडी एका बाजूस ओढते आणि एकच चाक तापते, तेव्हा संशय रबरी नळीवर जातो. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आतून सुजते; पायाच्या जोराने द्रव पुढे जातो, परतताना अडतो. चाक अडकलेले असतानाच, गाडी सपाट जागी लावून, इतर चाकांना ओट देऊन व ते चाक उचलून, नळीच्या वरच्या टोकाचा सांधा किंचित सैल करावा. चाक तरीही सुटले नाही, पण चाकापाशी हवा काढण्याचा स्क्रू उघडताच सुटले, तर अडथळा नळीतच आहे. सर्वच चाके तापत असल्यास पेडलला थोडी मोकळी चाल आहे की नाही, हे आधी पाहावे. ती नसेल तर मास्टर सिलिंडरमधील परतीचे छिद्र झाकलेले राहते.

ही परीक्षा चाक निवण्यापूर्वी करावी लागते. गाडी गॅरेजपर्यंत ओढून नेईपर्यंत नळीतील दाब हळूहळू ओसरतो, चाक आपोआप सुटते, आणि मेकॅनिकपुढे पुन्हा एक निर्दोष गाडी उभी राहते.